ययाती स्वतःबद्दल एवढं बोलतो, मग बदलत का नाही?

आत्मपरीक्षण केलं की माणूस सुधारतो, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते तपासून बघावं असं कुणाला वाटतच नाही. शाळेत रोजनिशी लिहायला लावतात ती त्यासाठीच. मार्क कमी पडले की घरातलं मोठं माणूस म्हणतं, "जरा शांत बस आणि विचार कर, कुठं चुकतंय ते." नवीन वर्षाचे संकल्प, सवयी मोजणारी ॲप्स, ‘स्वतःला घडवा’ छापाची पुस्तकं, या सगळ्यांच्या मुळाशी तीच समजूत आहे. नीट बघितलं तर त्यात दोन वेगवेगळे दावे लपलेत. पहिला: आत डोकावलं की आपलं मन आपल्याला खरंखुरं दिसतं. दुसरा: एकदा दिसलं की ते बदलता येतं.

हे दोन्ही दावे आज तपासू. पण त्यासाठी सवयींवरचं एखादं गाजलेलं पुस्तक न घेता मी एक कादंबरी घेतेय, वि. स. खांडेकरांची ‘ययाती’. एक तर कोल्हापुरात राहून हे पुस्तक टाळणं अवघड आहे. खांडेकर १९३८ साली शिरोड्याची शाळा सोडून इथं आले ते इथलेच झाले. आमच्या विद्यापीठातल्या भाषा भवनाला त्यांचंच नाव आहे. ‘ययाती’ १९५९ साली आली, १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि पुढं १९७४ चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, मराठीतलं पहिलं. पण माझं खरं कारण वेगळं आहे. मराठीत आत्मपरीक्षणाचा इतका मोठा, इतका सविस्तर आणि इतका फसलेला प्रयोग दुसऱ्या कुठल्या पात्रानं केलेला मला माहीत नाही. ययाती पानंच्या पानं स्वतःबद्दल बोलतो. स्वतःला दोष देतो. कारणं शोधतो. आणि जे करत होता तेच करत राहतो.

कादंबरीनं हे मुद्दाम दाखवलंय, आणि आजचं मानसशास्त्र तिच्या बाजूनं आहे, असं माझं म्हणणं आहे. फक्त एका ठिकाणी कादंबरी स्वतःच्याच शहाणपणाला सोडून देते. तेही सांगते.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी

गोष्ट मुळात महाभारतातली. हस्तिनापूरचा राजा ययाती, शुक्राचार्यांची मुलगी देवयानी ही त्याची राणी, आणि राजकन्या असूनही देवयानीची दासी झालेली शर्मिष्ठा. ययाती शर्मिष्ठेत गुंततो, शुक्राचार्य त्याला म्हातारपणाचा शाप देतात, आणि तो स्वतःच्या मुलाकडं, पुरूकडं, तारुण्य मागतो.

खांडेकरांनी यात बरंच काही घातलं. महाभारतात कचाची गोष्ट देवयानीशी झालेल्या शाप-प्रतिशापापाशी संपते. खांडेकरांनी त्याला शेवटपर्यंत ठेवला आणि संयमाचा आदर्श केला. अलका ही सोनेरी केसांची दासीकन्या त्यांची. विषप्रयोगानं मरणारी अलका आयुष्यभर ययातीच्या मनात राहते. अशोकवनात ययातीच्या आयुष्यात येणारी मुकुलिकाही त्यांचीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांनी गोष्ट तिघांच्या तोंडी दिली. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीनं ‘मी’ म्हणून बोलतात.

कारणं सांगणारं तोंड

ययातीला स्वतःच्या वागण्याची कारणं कधी कमी पडत नाहीत. वडिलांना, नहुषाला, मिळालेला शाप. त्यांचा मृत्यू बघून मनात बसलेली भीती. आईचं कठोर वागणं. अलकाचं जाणं. देवयानीचा तुटकपणा. प्रत्येक कारण ऐकताना पटतं. खांडेकरांची भाषा अशी की आपणही मान डोलवतो. बिचाऱ्याचं काय चुकलं?

आता १९७७ सालचा एक शोधनिबंध बघा. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एका दुकानात टेबलावर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड मांडले आणि येणाऱ्यांना विचारलं, यातला सगळ्यात चांगला कुठला? लोकांनी सगळ्यात जास्त वेळा उजव्या टोकाचा जोड निवडला. का निवडला असं विचारल्यावर विणकाम, पोत, दर्जा अशी कारणं दिली. गंमत अशी की चारही जोड अगदी एकसारखे होते. ‘उजवीकडं ठेवलाय म्हणून निवडला का’ असं थेट विचारलं तर जवळपास सगळ्यांनी ‘छे, काहीतरीच काय’ असं म्हटलं.

२००५ साली स्वीडनमधल्या पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच जरा अवघड करून दाखवलं. दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, आवडलेला निवडायला सांगायचं, आणि मग हातचलाखीनं न निवडलेला फोटो त्या माणसाच्या हातात देऊन विचारायचं, ‘हाच का आवडला?’ बहुतेक वेळा अदलाबदल लोकांच्या लक्षातच आली नाही. उलट न निवडलेला चेहरा आपण का निवडला याची कारणं त्यांनी बिनदिक्कत सांगितली. काहींनी तर त्या दुसऱ्याच फोटोत दिसणारे कानातले आवडले असं सांगितलं!

ही माणसं खोटं बोलत नव्हती, हे लक्षात घ्या. त्यांना ते खरंच वाटत होतं. आपल्या डोक्यात कारणं पुरवणारं एक खातं आहे आणि ते चोवीस तास उघडं असतं. ‘मी असा का वागलो?’ असा अर्ज आला की ते काहीतरी उत्तर देतंच. उत्तर सुसंगत असतं, आपल्या समाजात पटेल असं असतं. बरोबर असेलच असं नाही.

यावर वादही झालेत, तेही सांगायला हवं. १९८० साली अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी दाखवून दिलं की माणसाचं स्वतःबद्दलचं बोलणं सरसकट टाकाऊ नसतं. गणित सोडवताना ‘आत्ता डोक्यात काय चाललंय ते मोठ्यानं बोल’ असं सांगितलं तर मिळणारी माहिती बऱ्यापैकी विश्वासार्ह असते. घोळ होतो तो नंतर ‘तू असं का केलंस?’ विचारल्यावर. म्हणजे ‘काय चाललंय’ याचं उत्तर माणूस बरं देतो, ‘का’ म्हटलं की कथा सुरू होते.

माझं संशोधन गॅस सेन्सरवर आहे. सेन्सरचं रीडिंग कालांतरानं सरकतं. हवेत काहीच नसताना तो काहीतरी दाखवायला लागतो. अशा वेळी सेन्सरलाच विचारून उपयोग नसतो. आधीच माहीत असलेल्या प्रमाणातला गॅस सोडून बघावं लागतं. ययाती काय करतो? तो सरकलेल्या सेन्सरलाच पुन्हा पुन्हा विचारतो, ‘तू बरोबर आहेस ना?’ आणि सेन्सर दर वेळी अधिक सुंदर भाषेत ‘हो’ म्हणतो.

भोग संपला तरी हात थांबत नाही

‘ययाती’चा बोध म्हणून आपण शाळेपासून एकच वाक्य फिरवत आलोय: उपभोगानं वासना शमत नाही. महाभारताचंही सांगणं तेच. पण कादंबरीचा उत्तरार्ध जरा सावकाश वाचा. अशोकवनात बुडालेल्या ययातीला मजा येतेय का? मला तरी तसं दिसत नाही. तो रिता आहे, घाबरलेला आहे, कंटाळलेलाही आहे. तरी मद्याचा पेला पुढं येतोच. म्हणजे इथं वासना शमली नाही एवढंच म्हणून भागत नाही. वासनेची जागा दुसऱ्याच कशानं तरी घेतलीय.

डेव्हिड नील, वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली पॉपकॉर्नचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिनेमाला आलेल्या काहींना ताजे आणि काहींना सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच खाल्ले. चव आवडली का विचारलं तर ‘नाही’ म्हणाले. म्हणजे आवडत नव्हतं, तरी खात होते. त्याच सवयीच्या लोकांना थिएटरऐवजी बैठकीच्या खोलीत बसवल्यावर मात्र शिळ्या पॉपकॉर्नकडं हात गेला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांना थिएटरमध्येच, पण रोजच्या हाताऐवजी दुसऱ्या हातानं खायला लावलं. तेव्हाही शिळं कमी खाल्लं गेलं.

पॉपकॉर्न आणि मद्य एका तराजूत घालायचे नाहीत, हे मान्य. व्यसनाचा मेंदूवर होणारा परिणाम वेगळा आणि फार खोल असतो. पण मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल. सवय पक्की झाली की तिला इच्छेची गरज उरत नाही. जागा, वेळ, समोरची वस्तू आणि हाताची हालचाल एवढ्यावर ती चालते. वूड यांच्याच २००२ सालच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी दर तासाला आपण काय करतोय, काय विचार करतोय याची नोंद ठेवली. त्यातल्या सुमारे ४३ टक्के कृती रोजच्याच, त्याच जागी होणाऱ्या, आणि बहुतेकदा डोक्यात दुसरंच काही चालू असताना केलेल्या होत्या. मन तिथं हजरच नसेल तर मनाचं परीक्षण करून सवय कशी सापडणार?

म्हणून मला अशोकवन हे या कादंबरीतलं एक पात्रच वाटतं. तिथल्या प्रत्येक गोष्टीची मांडणी ययातीच्या सवयीसाठी झालीय. पश्चात्ताप होतो तो तिथंच बसून, आणि पश्चात्तापानंतर हाताशी असतं ते तेच सगळं.

याच्या उलटचं उदाहरण इतिहासात आहे. व्हिएतनाम युद्धात साधारण २० टक्के अमेरिकन सैनिक तिथं असताना हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेले होते. ते मायदेशी परतल्यावर काय होणार याची सरकारला धास्ती होती. ली रॉबिन्स या संशोधिकेनं त्यांचा माग ठेवला. तिथं व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. यामागं बरीच कारणं आहेत, पण एक उघड आहे. तो देश, ते मित्र, तो सहज मिळणारा माल, तो रोजचा ताण, सगळंच मागं राहिलं होतं. ययाती मात्र अशोकवन सोडत नाही. तो फक्त अशोकवनात बसून स्वतःला तपासतो.

तीन साक्षीदार

मग हे सगळं खांडेकरांना कळलं होतं का? मला वाटतं, हो. पुरावा कादंबरीच्या रचनेतच आहे.

फक्त ययातीच बोलला असता तर आपण त्याच्या बाजूनं झालो असतो. पण त्याचं ऐकून होतं न होतं तोच देवयानी बोलायला लागते आणि तोच संसार वेगळा दिसतो. मग शर्मिष्ठा बोलते आणि तो आणखी वेगळा दिसतो. तिघंही मनापासून सांगतात, तिघंही स्वतःला थोडं सांभाळून घेतात. देवयानीला स्वतःचा अहंकार स्वाभिमान वाटतो. शर्मिष्ठाही आपल्या प्रेमाला कवितेचं वस्त्र घालतेच. वाचकाला जे कळतं ते या तिघांपैकी एकालाही पूर्ण कळत नाही, कारण तिघांचं ऐकणारे आपण एकटेच असतो.

सिमीन वझीर यांनी २०१० साली मांडलेली गोष्ट याच्याशी जुळते. आपली अस्वस्थता, काळजी, आत दाबलेलं दुःख हे आपल्याला इतरांपेक्षा बरं कळतं. पण जिथं चांगलं-वाईट ठरवण्याचा, अब्रूचा प्रश्न येतो (मी हुशार आहे का, माझी कल्पकता किती) तिथं जवळचे मित्र आपल्यापेक्षा अचूक ठरतात. स्वतःबद्दलच्या त्या मतात आपला स्वार्थ अडकलेला असतो, म्हणून. ययातीच्या दुःखाचं वर्णन ययातीकडूनच ऐकावं. पण तो नवरा कसा होता हे देवयानीला विचारावं, आणि आपल्या माणसाला संकटात किती साथ देतो हे तान्ह्या पुरूला घेऊन परागंदा झालेल्या शर्मिष्ठेला विचारावं.

इथंच मला या कादंबरीतली सगळ्यात टोचणारी गोष्ट दिसते. ययाती विचारतो, ‘मी असा का झालो?’ तो जवळजवळ कधीच विचारत नाही, ‘माझ्यामुळं तिचं काय झालं?’ अलका मेली. ययातीच्या कथनात तिचं मरण हे ययातीचं दुःख होऊन जातं. तिचे सोनेरी केस आठवणीत राहतात, पण ती दासीची मुलगी होती, तिला नकार द्यायची सोय होती का, तिच्या आईनं पुढचे दिवस कसे काढले, हे त्याच्या आत्मपरीक्षणात बसत नाही. मुकुलिकेचंही तेच. आणि अलका, मुकुलिका या दोघींना ‘मी’ म्हणून बोलायला एकही प्रकरण मिळालेलं नाही. साक्षीदार तीनच, तिघंही राजघराण्यातले किंवा राजगुरूच्या घरातले. दासींची साक्ष कादंबरीही घेत नाही.

१९९९ साली पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी स्वतःकडं बघण्याचे दोन प्रकार वेगळे केले. एक रवंथ: भीती, गमावल्याची भावना, अपमान यांमुळं तेच ते उगाळत राहणं. दुसरं कुतूहल: स्वतःबद्दल खरोखरच काही जाणून घ्यायची इच्छा. रवंथाचं नैराश्याशी घट्ट नातं आहे, हे सुझन नोलन-होक्सिमा यांच्या वर्षानुवर्षांच्या कामातून पुढं आलंय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. माणूस एकटा बसलाय, विचार करतोय. म्हणून आपण रवंथालाही आत्मपरीक्षण म्हणून मान देतो. ययातीचं बहुतेक बोलणं रवंथ आहे. त्याचं केंद्र ‘मी’ आहे आणि परीघसुद्धा ‘मी’च आहे.

कच कसा झाला ते कुणी सांगत नाही

आता माझी तक्रार. भोग, संसार, प्रेम आणि भक्ती अशा चार कथा यात एकत्र आल्यात, हे खांडेकरांनी स्वतःच म्हटलंय. त्यातली भक्तीची कथा कचाची. पण कथा चार असून ‘मी’ म्हणणारे तीनच आहेत. कचाला स्वतःचं निवेदन नाही. तो आपल्याला भेटतो तो इतरांच्या डोळ्यांतून: शांत, समजूतदार, संयमी. त्याचं बोलणं सुंदर आहे. पण तो तसा कसा झाला, सकाळी उठून काय करतो, त्याचा पाय कधी घसरतो, घसरला तर काय करतो, हे आपल्याला आतून दिसत नाही.

याचा परिणाम असा की आजार आपण आतून बघतो आणि आरोग्य फक्त बाहेरून. ययाती कसा बिघडला याचा तपशील शेकडो पानांचा, आणि औषध एका शब्दाचं: संयम. पुस्तक मिटल्यावर वाचकाला वाटतं, आपल्यात कचाएवढं मनोबल हवं. ते नाही, म्हणजे आपण ययातीच.

इथं संशोधन कादंबरीच्या विरोधात जातं. विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली जर्मनीत २०५ प्रौढांना आठवडाभर उपकरणं देऊन दिवसात अनेकदा विचारलं: आत्ता कशाची इच्छा होतेय? ती दाबावीशी वाटतेय का? दाबली का? आपला समज असा की संयमी माणसं मोहाशी जास्त लढतात आणि जिंकतात. निघालं वेगळंच. ज्यांचा स्वभाव जास्त संयमी, त्यांच्या मनात मोहाशी संघर्षच कमी होत होता. त्यांच्या दिवसाची आखणीच अशी असावी की लढाईची वेळ क्वचित यावी.

आता कचाकडं पुन्हा बघा. तो कुठं राहतो? आश्रमात. तिथं उठायची वेळ ठरलेली, जेवण ठरलेलं, सोबतीची माणसं ठरलेली. अशोकवनात जसं सगळं भोगाकडं नेणारं, तसं आश्रमात सगळं संयमाकडं नेणारं. खांडेकरांनी या दोन जागा समोरासमोर आणून ठेवल्या, आणि मग श्रेय मात्र जागेला न देता माणसाच्या आत्मिक उंचीला दिलं. माझ्या मते कादंबरी इथं आपल्याच हातातला धागा सोडते. अशोकवन जर ययातीला घडवत असेल, तर आश्रमानं कचाला घडवलं असंही म्हणावं लागेल.

आणि हा फरक केवळ साहित्यचर्चेपुरता नाही. आपल्याकडचे बहुतेक ‘स्वतःला घडवा’वाले सल्ले कचाच्याच भाषेत बोलतात. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेल्या पोराला सांगतात, मोबाइल बघतोस म्हणजे तुझ्यात शिस्त नाही. पण त्याचे व्हिडिओ तास त्याच मोबाइलवर, नोट्स त्याच मोबाइलवर, जाहिरात निघाली का ते कळतं तेही त्याच मोबाइलवर. तीन पार्टनरच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला पहाटे चारला उठून ध्यान कर म्हणणं सोपं आहे. दिवा कुणाच्या डोळ्यावर लावायचा? ययाती राजा होता, त्याला अशोकवन सोडता आलं असतं. मुकुलिकेला ते सोडता आलं नसतं. जागा बदलायची मुभा सगळ्यांना सारखी नसते, आणि ज्यांना ती नसते त्यांनाच आपण ‘मन खंबीर करा’ म्हणून सांगत असतो. मग जमलं नाही की ते रात्री स्वतःला तपासत बसतात, आणि ते तपासणं रवंथात कधी जातं ते त्यांनाही कळत नाही. पीएचडी करणाऱ्यांत तर हे मी रोज बघते.

मग स्वतःकडं बघायचंच नाही का?

बघायचं. फक्त प्रश्न बदलायचे. वर जे सांगितलं त्यातून माझ्या हाती आलेल्या चार गोष्टी अशा.

एक, ‘का’ आधी ‘काय’. आम्ही प्रयोगवहीत तारीख, तापमान, काय केलं, काय झालं एवढं आधी लिहितो. अर्थ नंतर. स्वतःबद्दलही आठवडाभर तेवढंच लिहून बघा: किती वाजता, कुठं, सोबत कोण, त्याआधी काय चाललं होतं, हात कशाकडं गेला. कारण लिहायचं नाही. आठवड्यानं वही उलटली की ‘मी आळशी आहे’ याऐवजी ‘जेवून कॉटवर आडवं झालं की मोबाइल हातात येतो’ असं काहीतरी दिसेल. पहिल्यावर काही करता येत नाही. दुसऱ्यावर येतं.

दोन, मन बदलायच्या आधी मांडणी बदला, जेवढी हातात असेल तेवढी. आणि ठरवताना ‘मी अभ्यास करणार’ असं मोघम न ठरवता ‘चहा संपला की मी उठून वही उघडणार’ असं ठरवा. पीटर गोलविट्झर याला जर-तरची योजना म्हणतात. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा अशा योजनेचा मध्यम ते मोठा परिणाम दिसला. आणि २१ दिवसांत सवय लागते हे विसरून जा. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला निघाला, मध्यक ६६. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.

तीन, दुसऱ्या साक्षीदाराला बोलवा. असं एखादं माणूस, ज्याला तुमच्या वागण्याची झळ बसते आणि जे तोंडावर बोलू शकतं. ‘मी कसा आहे?’ असं विचारू नका, ते बिचारं गोड बोलेल. ‘गेल्या महिन्यात माझ्यामुळं तुला कधी त्रास झाला?’ असं विचारा. आणि ज्यांना तुमच्यासमोर बोलायची सोयच नाही, त्यांच्याबद्दल जास्त सावध राहा. अलका ययातीला काही सांगू शकली नसती.

चार, थोडं लांब उभं राहा. २०१४ साली इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांनी दाखवलं की मित्राच्या अडचणीवर आपण जितका शहाणा विचार करतो तितका स्वतःच्या अडचणीवर करत नाही. पण स्वतःच्याच अडचणीकडं तिऱ्हाइतासारखं बघायला सांगितलं तर ही तफावत मिटते. स्वतःला नावानं हाक मारून विचार करणं विचित्र वाटेल, पण उपयोगी आहे.

एक इशारा. यातले बरेचसे प्रयोग अमेरिका-युरोपातल्या लोकांवर, त्यातही पुष्कळदा विद्यार्थ्यांवर झालेत. एकत्र कुटुंबात वाढलेल्या, रोज दहा जणांच्या नजरेखाली वागणाऱ्या माणसाचं ‘स्वतःकडं बघणं’ वेगळं असू शकतं. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी नाही, तेव्हा याला उपचार समजू नका. मन फारच जड झालं असेल तर वही नको, डॉक्टर गाठा.

आणि घरात ‘ययाती’ची प्रत असेल तर पुन्हा काढा. बहुतेक घरांत आईची किंवा आत्याची एक असतेच. या वेळी ययातीचं प्रकरण वाचताना पेन्सिल घ्या. जिथं जिथं तो ‘का’ सांगतो तिथं एक खूण करा, आणि जिथं तो दुसऱ्या कुणाचं काय झालं हे विचारतो तिथं दुसरी. मग दोन्ही खुणा मोजा. मोजून झाल्या की तेच, फक्त एका दिवसापुरतं, स्वतःच्या बोलण्यावर करून बघा. आकडे काय आले ते मला कळवलंत तर आवडेल.